बर्फाच्या दऱ्यांतील वारा : वीज किती आणि भरवसा किती?



हिवाळ्यात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला ज्यांना जावे लागते, त्यांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वरच्या माळावर उभे राहिले तर अंगावर साधी घोंगडी पुरते. तेच ओढ्याकाठच्या खोलगट रानात दारं धरायला उतरले की दात वाजू लागतात. वर उसाचे पानसुद्धा हलत नसते, पण पायाजवळून गार हवेचा झोत ओढ्याच्या अंगाने खाली सरकत असतो. बिडीचा धूर सोडून बघावा. तो वर न जाता ओढ्याबरोबर निघून जातो. ही हवा माळावरून घरंगळत आलेली असते. थंड हवा जड, आणि जड वस्तू उताराला लागते; पाण्यासारखीच.

एवढे ज्याच्या ध्यानात आले, त्याला उत्तर ध्रुवाकडच्या दऱ्यांतला वारा निम्मा समजला असे खुशाल म्हणावे. उरलेला निम्मा समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

आता कोणी म्हणेल, ऊसवाल्यांना बर्फाचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून घरचाच एक अनुभव सांगतो. माझ्या चुलत्यांनी पूर्वी विहिरीवर पवनपंप बसवला होता. विकणाऱ्याने कागदावर तालुक्याचा सरासरी वारा दाखवला, आकडा चांगला होता, चुलत्यांनी पैसे मोजले. पण आमची विहीर दोन टेकाडांच्या पोटात. पावसाळ्यात, म्हणजे पाण्याची गरज नसताना, चक्र गरगर फिरे. आणि उन्हाळ्यात ऊस सुकत असताना पाती दिवसेंदिवस ढिम्म उभी. अर्ध्या मैलावरच्या खिंडीत मात्र त्याच दिवसांत डोक्यावरची टोपी ठरत नसे. तालुक्याचा आकडा खोटा नव्हता. तो आमच्या विहिरीचा नव्हता, इतकेच. ही चूक आम्हाला एका पंपाच्या किमतीला पडली. हाच प्रश्न आज एका अख्ख्या गावापुढे उभा आहे, आणि तिथे चुकले तर हिवाळ्यात घरे गोठायची.

ते गाव म्हणजे लाँगयिअरब्येन. नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात स्वालबार नावाचा बेटांचा समूह आहे, त्यावर 78 अक्षांशावर हे वसले आहे. वस्ती सुमारे अडीच हजार, म्हणजे आपल्याकडचे एक मध्यम खेडे. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही. आणि चोहोबाजूंनी डोंगर असल्यामुळे गावात प्रत्यक्ष ऊन पडायला मार्च उजाडतो. 1906 साली लाँगयिअर नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या कंपनीने इथे कोळशाची खाण सुरू केली आणि त्यावरूनच गावाचे नाव पडले. शंभरहून अधिक वर्षे गाव कोळशावर जगले. गावातच कोळशाचे वीजघर होते.

हे वीजघर कसे होते ते आपल्या सभासदांना लगेच कळेल. आपल्या कारखान्यात बगॅस जाळून बॉयलर तापवायचा, वाफेवर टर्बाईन फिरवून वीज करायची आणि टर्बाईनमधून निघालेल्या वाफेवर रस आटवायचा. एका जळणात दोन कामे. तिथे रसाच्या जागी घरे होती. विजेबरोबर निघणारी उष्णता गरम पाण्याच्या नळांतून घरोघर खेळवली जाई. ऑक्टोबर 2023 मध्ये हे वीजघर बंद करून गाव डिझेलवर नेले, आणि त्या मुलखातली नॉर्वेची शेवटची कोळसा खाण, म्हणजे सात नंबरची खाण, 2025 च्या उन्हाळ्यात बंद झाली. डिझेल जहाजाने आणावे लागते आणि महाग पडते. ते काही कायमचे उत्तर नव्हे, हे सगळ्यांना मान्य आहे. उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास असतो, तेव्हा सौर पट्ट्या उपयोगी पडतात. पण जेव्हा अंधार आणि कडाका एकदम येतो तेव्हा काय? मग सगळ्यांच्या नजरा वाऱ्याकडे वळतात. वारा दारातच आहे.

दारात म्हणजे अक्षरशः. गावाच्या शेजारी अॅडव्हेंटडालेन नावाची दरी आहे; ‘डालेन’ म्हणजे दरीच. तीस-एक किलोमीटर लांब, तीन-चार किलोमीटर रुंद, सपाट तळाची, आणि दोन्ही अंगांना माथे तासल्यासारखे पठारी डोंगर. दरीचे एक तोंड बेटाच्या पोटात आग्नेयेकडे, दुसरे वायव्येला समुद्राच्या खाडीवर. एकही झाड नाही. हिवाळ्यात या दरीत वारा बहुतांशी एकाच दिशेने वाहतो : आतून बाहेर, आग्नेयेकडून खाडीकडे. दरीत उभ्या केलेल्या वाऱ्याच्या खांबावरील नोंदी काढल्या, तर दिशा दोन ओळींत सांगून होते, वर आणि खाली. आडवा वारा म्हणून फारसा नाहीच.

असे का होते? एक कारण आपल्या ओढ्याकाठचे. लांबलचक रात्रीत जमीन आणि बर्फ आपली उष्णता आकाशात टाकत राहतात, त्यांना टेकलेली हवा गारठते, जड होते आणि हिमनद्यांवरून व डोंगरउतारांवरून दरीत उतरते. दुसरे कारण खाडीचे. आखाती प्रवाहाची शेवटची ऊब स्वालबारच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे खाडीचे पाणी उघडे राहिले तर ते शून्याच्या आसपास असते आणि दरीच्या आतली हवा उणे वीस-पंचवीस. चुलीवरच्या धुराड्यासारखे होते : पाण्यावरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला दरीतली गार हवा बाहेर ओढली जाते. तिसरे कारण वरचे. त्या भागात मोठ्या प्रमाणावरचा वारा पुष्कळदा पूर्वेकडचाच असतो. तो डोंगरांवर आदळतो आणि वाट मिळेल तिथे घुसतो, दरीत शिरला की दरी वळेल तसा वळतो. पाटाचे पाणी पाट जाईल तिकडे जाते, आणि पाट अरुंद झाला की वेग घेते, तसेच.

तिन्ही कारणे एका दिशेला आली म्हणजे वारा जबर होतो. त्याचा जोर किती, ते त्या गावाने फार वाईट रीतीने पाहिले आहे. गावाच्या डोक्यावर एक डोंगर आहे, त्याचे नाव ‘सुक्करटोप्पेन’, म्हणजे साखरेचे शिखर. साखरेच्या कारखान्याच्या वार्तापत्रात या नावाचे कौतुकच वाटायला हवे, पण हकिकत गोड नाही. 19 डिसेंबर 2015 रोजी पूर्वेकडच्या वादळी वाऱ्याने रात्रभर बर्फ उडवून या डोंगराच्या आडोशाच्या उतारावर रचले. सकाळी तो थर सुटला आणि खालच्या अकरा घरांवर आला. दोन माणसे गेली. तेव्हा वाऱ्याची दिशा ही तिथे पाठ्यपुस्तकातली गोष्ट राहिलेली नाही. कोणत्या उतारावर बर्फ साठेल आणि कोणते घर रिकामे करायचे, हे ठरवताना ती पाहावीच लागते.

असे जोरकस आणि दिशेला पक्के वारे पाहून पवनचक्कीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटणारच. त्यातून थंड हवेचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. उणे 20 अंशांची हवा आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जड असते. तोच वेग, तीच पाती, पण ढकलणारे अंग जड. म्हणून वीज त्याच प्रमाणात जास्त. दिशा पक्की असल्याने चक्क्या दरीच्या आडव्या रांगेत जवळजवळ बसवता येतात, एकीचा आडोसा दुसरीला होत नाही.

पण इथेच थांबून हिशेब नीट मांडला पाहिजे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला 4 मीटर वाऱ्यात जी शक्ती असते, तिच्या दुप्पट नव्हे, आठपट शक्ती 8 मीटर वाऱ्यात असते. सरासरी 5 मीटर धरली आणि प्रत्यक्षात 7 निघाली, तर अंदाज पावणेतीन पटींनी चुकतो. उलटे झाले तर धंदा बसलाच. उसाचा उतारा एक टक्क्याने चुकला तर आपल्याकडे वार्षिक सभेत केवढा गदारोळ होतो! इथे वेग थोडा चुकला की सगळेच गणित पालथे.

आणि वेग चुकतोच, कारण नकाशा ढोबळ असतो. सगळ्या जगाच्या हवामानाचा जो एक मोठा हिशेब युरोपात ठेवला जातो, त्यात एकेक चौकोन सुमारे 31 किलोमीटरचा आहे. म्हणजे अख्खी अॅडव्हेंटडालेन दरी, तिच्या बाजूचे डोंगर आणि खाडीचे तोंड हे सगळे एक-दोन चौकोनांत येते, आणि त्या चौकोनाला एकच सरासरी उंची. डोंगरच नाहीत तर दरी कुठली, आणि दरी नाही तर दरीचा वारा कुठला? नॉर्वेचे हवामान खाते ध्रुवप्रदेशासाठी अडीच किलोमीटरच्या चौकोनांचे गणित वापरते. ते पुष्कळ बरे आहे, पण तीन-चार किलोमीटर रुंदीच्या दरीत असे चौकोन मावतात किती? एक किंवा दोन. चुलत्यांच्या विहिरीचीच गोष्ट.

याचा दाखला आपल्या देशाशी संबंध असलेल्या ठिकाणीही मिळतो. स्वालबारमध्येच, लाँगयिअरब्येनच्या वायव्येला, नी-ऑलेसुंड नावाची छोटी संशोधन वसाहत आहे. तीही पूर्वीची खाणच; 1962 च्या स्फोटात एकवीस खाणकामगार गेले आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र 1 जुलै 2008 पासून तिथे आहे, आणि त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर 2023 पासून आपले शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्याच्या काळोखातही राहू लागले. या वसाहतीत जमिनीलगतचा वारा मुख्यतः आग्नेयेकडून येतो, कारण त्या बाजूला कोंग्सव्हेगेन ही मोठी हिमनदी खाडीत उतरते आणि तिच्या पाठीवरून गार हवा वाहत येते. पण तिथून रोज सोडल्या जाणाऱ्या हवामानाच्या फुग्याने पाहिले तर डोंगरमाथ्यांच्या वर गेल्यावर वारा पार वेगळ्याच दिशेचा सापडतो. खाली खाडीचे राज्य, वर आकाशाचे. वरच्या वाऱ्यावरून खालची चक्की बसवायची म्हणजे शेजारच्या गावातला पाऊस बघून आपल्या रानात पेरणी करण्यासारखे.

दरीच्या वाऱ्याची आणखी एक खोड आहे. साधारण नियम असा की जितके उंच जावे तितका वारा जास्त, म्हणून मनोरे उंच करतात. उतारावरून घसरणाऱ्या गार हवेचे तसे नसते. तिचा सर्वांत जोराचा थर पुष्कळदा जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो आणि त्याच्यावर वारा पुन्हा मंदावतो. अशा जागी उंच मनोरा म्हणजे जास्त पैसे आणि कमी वीज. पात्याचे खालचे टोक जोराच्या थरात आणि वरचे टोक शांत हवेत असले तर प्रत्येक फेऱ्याला पाते पिळवटते, ते वेगळेच.

मग दरी सोडून सरळ डोंगरावर का जाऊ नये? आपल्याकडे साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्या उभ्या आहेत, त्या दरीत नाहीत. लाँगयिअरब्येनच्या लगतही तसे पठार आहे आणि तिथे वारा मोकळा आहे. पण त्या मुलखात पठार ढगांत जाते. ढगातले गारठलेले थेंब पात्याला लागले की जागच्या जागी बर्फ होतात. पात्याचा घाट बिघडतो, वीज घटते, तोल जातो, आणि फिरता फिरता बर्फाचे तुकडे लांब फेकले जातात. पाती आतून तापवण्याची सोय असते, पण तीही वीजच खाते. दरीचा तळ त्या मानाने कोरडा. म्हणजे वर वारा चांगला पण बर्फाचा जाच. खाली बर्फ कमी, पण वारा लहरी. माझे वैयक्तिक मत विचाराल तर दोन्हीकडे खांब रोवून दोन-तीन हिवाळे नोंदी घेतल्याशिवाय कुणीही ठामपणे बोलू नये. आणि नोंद घेणारे यंत्रही गोठते! वाटीचे वेगमापक बर्फाने जाम झाले तर कागदावर ‘वारा शून्य’ अशी नोंद होते आणि बाहेर वादळ चाललेले असते.

पाया ही तर स्वतंत्र डोकेदुखी. दरीतली जमीन शंभर-एक मीटर खोलपर्यंत बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा मीटरभर थर सुटतो आणि त्याचा चिखल होतो. म्हणून तिथली घरे खांबांवर उभी असतात. स्वालबार हा पृथ्वीवर सर्वांत झपाट्याने तापणाऱ्या प्रदेशांपैकी एक आहे, त्यामुळे हा सुटणारा थर खोल जात चालला आहे. शिवाय गेल्या वीसेक वर्षांत पश्चिमेच्या खाड्यांवर हिवाळ्यात पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. पाणी उघडे राहिले तर दरीच्या वाऱ्यामागचे ते धुराड्याचे कारणही बदलते. तेव्हा वाडवडिलांच्या नोंदी आहेत म्हणून आजचा अंदाज पक्का, असेही नाही.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की ध्रुवाकडच्या दरीत चक्की चालतच नसेल. तसे नाही. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला नार्विक नावाचे बंदर आहे. स्वीडनमधल्या किरुना येथील लोखंडाचे खनिज रेल्वेने इथे आणून जहाजात भरतात, कारण हे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. नार्विकच्या पूर्वेला, स्वीडनच्या सरहद्दीजवळ, डोंगरांच्या मधल्या दरीत सुमारे सव्वाचारशे मीटर उंचीवर नीगोर्सफ्येल हे वीजकेंद्र आहे. प्रथम तीन चक्क्या बसवल्या, त्यांचा अनुभव घेतला, आणि मग 2011 साली आणखी अकरा. आज चौदा चक्क्या, प्रत्येकी 2.3 मेगावॅट, मिळून 32.2 मेगावॅट. तिथे हिवाळ्यात पूर्वेकडचा वारा जोराचा, आणि त्याचे मूळ सरहद्दीपलीकडे आहे. टोर्नेत्रेस्क नावाचे सत्तर किलोमीटर लांबीचे सरोवर हिवाळाभर गोठलेले असते. त्यावर आणि मागच्या मुलखात गार, जड हवा साचते आणि खिंडीतून पश्चिमेच्या उघड्या समुद्राकडे ओसंडते. म्हणजे ज्या कारणाने बंदर गोठत नाही त्याच कारणाने, समुद्राच्या उबेने, खिंडीत वारा खेचला जातो. मला यात सर्वांत पटलेली गोष्ट कोणती, तर आधी तीन आणि मग अकरा. चक्की हाच त्यांचा मोजमापाचा खांब झाला.

सहकाराच्या माणसांसाठी आणखी एक नाव सांगतो. अलास्कातील कोट्झब्यू हे गावही आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला आहे. दरीत नव्हे, समुद्रकाठच्या सपाटीवर. तिथली वीज गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेची आहे, ग्राहक तेच सभासद. डिझेल उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत तराफ्यांनी आणून साठवावे लागते. या संस्थेने 1997 साली तीन लहान चक्क्या उभ्या केल्या, हळूहळू संख्या वाढवली आणि 2012 मध्ये 900 किलोवॅटच्या दोन मोठ्या बसवल्या. डिझेल बंद झालेले नाही. वारा असेल तेव्हा डिझेल कमी जळते, आणि सभासदाच्या बिलाला तेवढाच आधार.

जमिनीचा प्रश्नही विसरता येत नाही. नॉर्वेत सामी लोकांचे रेनडियरचे कळप हिवाळ्यात ठरलेल्या चराऊ रानांत जातात. फोसेन येथील चक्क्यांनी (हे ठिकाण आर्क्टिक वर्तुळाच्या दक्षिणेला आहे, पण प्रश्न तोच) त्यांची चराई गेली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परवाने बेकायदा ठरवले. चक्क्या तर तोवर उभ्या राहून फिरत होत्या. स्वालबारमध्ये सामी वस्ती नाही, परंतु तिथली सुमारे दोन तृतीयांश जमीन संरक्षित आहे आणि कायदा कडक आहे.

राहिला घरांच्या उबेचा मुद्दा. कोळशाच्या वीजघरातून वीज आणि उष्णता एकदम मिळत होती. पवनचक्की फक्त वीज देते. म्हणजे गाव तापवायचे तर तीच वीज पुन्हा पाणी तापवायला खर्च करावी लागणार. यात एक बरी गोष्ट अशी की तापलेले पाणी साठवता येते. रात्री वादळ सुटले आणि वीज जास्त झाली तर ती टाकीत उष्णता म्हणून ठेवायची. बॅटरीपेक्षा हे स्वस्त आणि आपल्याला समजण्यासारखे. पण काही दिवस असे येतात की आकाश निरभ्र, थंडी कमालीची, आणि गार हवा दरीच्या तळाशी तळ्यासारखी साचून निश्चल झालेली. गावाला उबेची सर्वांत जास्त गरज त्याच दिवशी. त्या दिवसासाठी डिझेलचे इंजिन सज्ज ठेवावेच लागेल, चक्क्या कितीही असोत. असे दिवस एका हिवाळ्यात किती आणि सलग किती, हा आकडा लाँगयिअरब्येनला सगळ्यात आधी लागणार आहे. त्यावरच टाकी केवढी बांधायची आणि जहाजातून डिझेल किती मागवायचे ते ठरेल.